तारखेची ओळ

२०२४ च्या दिवाळीनंतर मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने अठरा क्विंटल सोयाबीन अकोल्याच्या बाजारात नेलं. मोबाईलवर आलेला भाव पाहून नेलं. मेसेजमध्ये तो भाव आजचा म्हणून दिला होता, प्रत्यक्षात तो दिवाळीआधीचा होता. तो मेसेज कसा तयार झाला याचा माग काढत गेलं की शेवटी एक चार पानी अहवाल हाती लागतो. त्यावर सही माझी आहे.

मी अमरावतीची. बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी माहितीपुस्तिका लिहिल्या, इतरांनी लिहिलेल्या तपासल्या. आईच्या आजारपणामुळे राजापेठेतल्या घरी परत आले आणि घरूनच कामं घेऊ लागले. अकोल्याची चार मुलं ओळखीतून माझ्याकडे आली. तिघं इंजिनिअर, एक कृषी पदवीधर. त्यांनी एक छोटी सेवा सुरू करायचं ठरवलं होतं. सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांचे भाव रोज येतात. त्यातून अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, कारंजा इथले भाव संध्याकाळी उचलायचे आणि शेतकऱ्याला त्याच्या पिकापुरते, दोन ओळींत, मराठीत पाठवायचे.

हे उचलण्याचं काम माणूस करणार नव्हता, एआय एजंट करणार होता. एजंट म्हणजे भाषेचं मॉडेल, ज्याच्या हाती काही टूल दिलेली असतात. कोणतं टूल कधी वापरायचं हे तो स्वतः ठरवतो. इथलं मुख्य टूल होतं वेबपेज वाचून देणारं. वेबपेज आपल्याला पडद्यावर दिसतं तसं आत नसतं. आत मेनू, रंगरूपाच्या सूचना, स्क्रिप्ट यांचा ढीग असतो आणि कामाचा तक्ता त्यात कुठेतरी दडलेला असतो. सगळा ढीग मॉडेलपुढे ओतला तर खर्च वाढतो आणि मॉडेल भरकटतं. म्हणून मधे पार्सर लागतो. तो ढिगातून मजकूर आणि तक्ते काढून, स्वच्छ करून मॉडेलच्या हाती देतो. मुलांनी असा पार्सर बाहेरून घेतला होता. त्याचं डॉक्युमेंटेशन बेचाळीस पानांचं होतं.

‘‘मॅडम, एजंटाला हे टूल नीट वापरता येईल एवढं यात आहे का, ते पाहून सांगा,’’ असं त्यांनी विचारलं होतं. प्रश्न अगदी नेमका होता. मी उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं.

मी बेचाळीस पानं छापून घेतली. दोन दिवस पेन्सिल घेऊन बसले. माझी नेहमीची यादी होती. टूल कसं बोलवायचं ते स्पष्ट आहे का, प्रत्येक पर्यायाचा अर्थ दिला आहे का, नमुने चालतात का, चूक झाल्यावर कोणता संदेश येतो. संकेतस्थळं १९९४ पासून ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल ठेवतात आणि यंत्रांनी कुठे यावं, कुठे येऊ नये ते त्यात सांगतात. टूल ती पाळतं का तेही मी पाहिलं. पाळत होतं. काही पानांवर तक्ता मागाहून स्क्रिप्टने भरला जातो. घाई केली तर फक्त पीक निवडायच्या नावांची यादी हाती येते, भाव येतच नाहीत. हा अनुभव मला पुण्यात आला होता, म्हणून ते मी मुद्दाम शोधलं. एकतिसाव्या पानावर थांबण्याची सोय सापडली आणि ती आपोआप चालू नसते हे मी अहवालात ठळक लिहिलं. तेव्हा मला माझ्या कामाचं समाधान वाटलं होतं.

ती छापील प्रत माझ्याकडे अजून आहे. एकोणिसाव्या पानावर तक्त्यांबद्दल एक वाक्य आहे. त्याचा अर्थ असा: तक्त्यातली प्रत्येक ओळ एक नोंद म्हणून मिळते, केवळ मांडणीसाठी असलेल्या ओळी गाळल्या जातात. या वाक्यापुढे माझी बरोबरची खूण आहे.

‘केवळ मांडणीसाठी’ म्हणजे कोणत्या, हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, गाळलेल्या ओळीची कुठे नोंद राहते का, यातलं मी काहीही विचारलं नाही. मी मनात रिकाम्या ओळी, रेघा, सजावट असा अर्थ धरला आणि पुढे गेले. खाली दिलेला नमुना इंग्रजी पानाचा होता, साधा तक्ता, वर मथळे आणि खाली ओळी. सगळे नमुने इंग्रजी पानांचेच आहेत हेही मला खटकलं होतं. त्याबद्दल मी एक गुण कापला. दहापैकी नऊ दिले आणि ‘वापरण्यास पुरेसं’ असा शेरा लिहिला. खटकलं होतं तर एक मराठी पान घेऊन टूल चालवून पाहायला अर्धा तास लागला असता. मला वाचायला सांगितलं होतं आणि मी वाचलं, एवढ्यावर मी थांबले.

मुलं ज्या पानावरून भाव घेत होती तिथे तक्त्याला सात रकाने होते. बाजार समिती, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. तारखेला रकाना नव्हता. तारीख एका वेगळ्या ओळीत, सातही रकान्यांवर आडवी पसरलेली असे. तिच्याखाली त्या दिवशीच्या सगळ्या समित्यांचे भाव, मग पुन्हा एक आडवी ओळ, आदल्या दिवसाची तारीख, तिचे भाव. माणसाच्या डोळ्याला यात काहीच अडचण नाही. टूलने मात्र त्या आडव्या ओळीत सातऐवजी एकच घर पाहिलं आणि ती ओळ मांडणीसाठी आहे असं समजून गाळली. चार-पाच दिवसांचे भाव बिनतारखेची एक लांब यादी होऊन एजंटापुढे जात होते.

एजंट त्यातली अकोल्याची पहिली ओळ उचलायचा. रोजचा बाजार सुरू असताना पहिली ओळ आजचीच असते. त्यामुळे तीन आठवडे सगळं बरोबर चाललं. त्या तीन आठवड्यांनी आमची खात्री आणखी घट्ट केली.

दिवाळीत हर्रास, म्हणजे लिलाव, चार-पाच दिवस बंद राहतो. पानावर बाहेरच्या काही समित्यांचे नवे भाव येत राहिले, अकोल्याची ओळ मात्र जुन्या तारखेखाली होती तशीच होती. एजंटासाठी तारीख नव्हतीच. त्याने अकोल्याची पहिली ओळ उचलली, सर्वसाधारण दर ४,३५० रुपये. मेसेजच्या साच्यात ‘आजचा भाव’ आणि तारीख अशी जागा होती, तिथे त्याने त्या दिवसाची तारीख भरली. टूलने कोणताही दोष कळवला नाही, कारण पान व्यवस्थित उघडलं होतं. सर्व्हरकडून २०० हा आकडा आला होता. २०० चा अर्थ पान पोचलं एवढाच. आतली माहिती ताजी आहे की शिळी याबद्दल तो आकडा काही सांगत नाही. मी अहवालात लिहिलं होतं, ‘चुकीच्या प्रसंगी योग्य संदेश मिळतो.’

त्या शेतकऱ्याला गावातल्या व्यापाऱ्याने दारात ४,२०० देऊ केले होते. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, बाजार त्याच्या बराच खाली होता. सरकारी खरेदीला ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागायचा. ती अट पुढे त्याच नोव्हेंबरात पंधरा टक्क्यांपर्यंत सैल झाली, पण यांना हरभऱ्याच्या पेरणीसाठी पैसे लगेच हवे होते. मेसेज पाहून त्यांनी व्यापाऱ्याला नाही म्हटलं, गाडी ठरवली आणि अकोला गाठलं. दिवाळीनंतर बाजार उघडतो तेव्हा आवक दाटते. त्यांच्या मालाला ४,०५० चा सौदा झाला. २,७०० रुपये भावात गेले, २,४०० गाडीभाड्यात. एक रात्र त्यांनी यार्डात पोत्यांवर काढली.

मला हे कळलं ते मुलांच्या फोनवरून. ‘‘मॅडम, घोळ झाला,’’ एवढं बोलून तो मुलगा बराच वेळ गप्प होता.

या चुकीत मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगायला हवं. माझे वडील बाजार समितीत लिपिक होते. माझं बालपण यार्डाच्या कडेने गेलं आहे. हर्रास संपला की बाबा भावफलकावर खडूने भाव लिहायचे आणि त्याआधी तारीख लिहायचे. बाजार बंद असेल त्या दिवशी सुटी असूनही सकाळी जाऊन फळा ओल्या फडक्याने पुसून यायचे. मी लहानपणी विचारलं होतं, उद्या पुसला तर काय होईल. ते म्हणाले होते, फळ्यावर भाव दिसला की माणूस त्या भावाला माल आणतो.

वऱ्हाडात ही काळजी जुनी आहे. कारंज्याच्या कापूस बाजारावर १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने नियमन आलं. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. पुढे १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. वजन आणि व्यवहार यांना काही उघडा, लिखित नियम असावा, म्हणजे शेतकरी अंधारात राहणार नाही, यासाठीचा तो खटाटोप. हे मी शाळेत असताना बाबांकडून ऐकलेलं आहे.

म्हणजे दिवाळीत बाजार बंद असतो हे मला ठाऊक होतं. जुना भाव काय करू शकतो हेही ठाऊक होतं. आणि ठाऊक होतं म्हणूनच ते कागदावर नाही हे मला दिसलं नाही. डॉक्युमेंटेशन वाचताना जिथे जिथे जागा मोकळी होती तिथे माझं ज्ञान आपोआप जाऊन बसत होतं. मी वाचलेलं पुस्तक टूलवाल्यांनी आणि मी मिळून लिहिलेलं होतं. एजंटाला त्यातला फक्त त्यांचा भाग मिळाला.

खरं तर तोही मिळाला नव्हता. हे मला आणखी दोन दिवसांनी समजलं. मी अकोल्याला जाऊन मुलांबरोबर बसले आणि एजंटाला टूलबद्दल नेमकं काय सांगितलं जातं ते दाखवायला सांगितलं. पडद्यावर सहा ओळी आल्या. टूलचं नाव, ‘दिलेल्या पत्त्यावरील पान वाचून मजकूर व तक्ते परत करते’ असं वर्णन, आणि कोणती माहिती द्यायची त्याची यादी. बेचाळीस पानं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसांसाठी होती. एजंट त्या सहा ओळींवर काम करत होता. थांबण्याची जी सोय मी ठळक करून दाखवली होती ती मुलांनी स्वतः वाचून चालू केली होती, म्हणून ती चालली. एजंटाला तिचा पत्ता नव्हता. मुलांनी मला एजंटाबद्दल विचारलं होतं आणि एजंट काय वाचतो हे न विचारताच मी दोन दिवस दुसरा मजकूर तपासत बसले होते.

त्याच नोव्हेंबरमध्ये अँथ्रोपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची पद्धत जाहीर केली. मॉडेलला बाहेरची टूल एकाच ठरलेल्या रीतीने जोडता यावीत म्हणून. तिच्यातही मॉडेलपुढे टूल येतं ते नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा यांच्या रूपाने. नंतर हीच रीत पुष्कळांनी उचलली. म्हणजे ते छोटंसं वर्णन हेच एजंटाचं पाठ्यपुस्तक आहे. आम्ही मात्र ते सहा ओळींचं वर्णन कुणी, कधी लिहिलं हे आठवू शकलो नाही. चौघांपैकी एकाने घाईत लिहिलं होतं, बहुधा पहिल्याच दिवशी.

त्या शेतकऱ्याच्या गावाला मी एकटीच गेले. मुलं यायला तयार होती, मीच नको म्हटलं. ओसरीवर बसलो. त्यांनी मेसेज अजून ठेवला होता, तो मला दाखवला.

‘‘ताई, याच्यावर तारीख आजची होती. मी तारीख पाह्यली, मंग भाव पाह्यला. आखीन काय पाहू?’’

मी त्यांना तक्ता, आडवी ओळ, गाळणं हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, ‘‘ते वापराचं पुस्तक तुमी वाचलं होतं?’’

‘‘हो.’’

‘‘पुरं?’’

‘‘पुरं वाचलं होतं.’’

‘‘मंग?’’

मला उत्तर देता आलं नाही. मुलांनी आणि मी मिळून ५,१०० रुपये नेले होते. त्यांनी ते मोजून घेतले, कारण ते त्यांचेच होते. यार्डात काढलेल्या रात्रीचा हिशेब त्यात नव्हता. निघताना म्हणाले, ‘‘माहा नंबर तेवढा काढून टाका त्याच्यातून.’’ त्यांच्यामागे त्या गावातले आणखी सात नंबर गेले. सेवा तो हंगामभर बंद ठेवली. कृषी पदवीधर मुलगा पुढे नोकरीला लागला, बाकीच्यांनी चिकाटी धरली. मी फी परत केली. मुलं घ्यायला तयार नव्हती, पण ती मी ठेवून घेणं मला शक्य नव्हतं.

त्यानंतर मी एक संग्रह करायला घेतला. खऱ्या पानांच्या जतन केलेल्या प्रती. पहिली अर्थात दिवाळीच्या बंद बाजाराची. दुसरी एका पानाची, जिथे आवकेचं घर रिकामं आहे आणि बेसावध पार्सर पुढचा कमीत कमी दर ओढून आवकेच्या जागी बसवतो. एकात एकाच समितीच्या दोन ओळी आहेत, ‘लोकल’ आणि ‘पिवळा’, आणि दोन्हींचे भाव वेगळे. एकात आकडे मराठी आहेत. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मराठी ४२ ला आकडा मानते, जावास्क्रिप्ट मानत नाही, त्यामुळे टूल कशात लिहिलं आहे त्यावर भाव मिळणं न मिळणं ठरतं. हे डॉक्युमेंटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. एका पानात मजकुराच्या पोटात एजंटालाच उद्देशून एक सूचना घातली आहे, ती मी स्वतः घातली, टूल तिला पानाचा मजकूर म्हणून वेगळं ठेवतं की एजंटाला ती आपल्या मालकाची आज्ञा वाटते हे पाहण्यासाठी.

सगळ्यात जास्त त्रास देणारं पान म्हणजे एका जुन्या पत्रकाची पीडीएफ. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी ‘डी’ साठवलेला असतो आणि त्यावर चित्र ‘क’ चं दाखवलं जातं. माणसाला शुद्ध मराठी दिसतं, यंत्राच्या हाती इंग्रजी अक्षरांची भेळ येते. आपल्याकडे कचेऱ्यांमध्ये असा कागद अजून भरपूर आहे. मॉडेल तर ही भेळ पाहून गप्प बसत नाही, तिच्यातून अर्थ लावतं, आणि लावलेला अर्थ वाचायला इतका सरळ असतो की शंका येत नाही. ‘सर्व भाषा चालतात’ असं डॉक्युमेंटेशनमध्ये वाचलं की आता मी आधी ही पीडीएफ काढते.

आता मी डॉक्युमेंटेशन वाचण्याआधी एजंटाला जे आणि जेवढं मिळतं तेवढंच घेऊन त्याच्याकडून ही पानं वाचून घेते. तो कुठे अडतो, कुठे न अडता चुकतो, ते लिहून ठेवते. मग पुस्तक उघडते आणि त्या त्या जागी काय लिहायचं राहिलं ते शोधते. वाचून कळतं ते आणि चालवून कळतं ते मी अहवालात वेगवेगळ्या पानांवर लिहिते. काम दोन दिवसांऐवजी आठ-नऊ दिवस चालतं. काही जण इतक्या दिवसांचे पैसे द्यायला तयार नसतात, ती कामं मी घेत नाही.

मुलांनी पुढच्या खरिपात सेवा पुन्हा सुरू केली. पार्सर बदलला. वर्णनाच्या सहा ओळींच्या जागी आता सव्वा पान आहे. ते आम्ही चौघांनी मिळून अकोल्यात तीन रात्री बसून लिहिलं. आडव्या ओळी कधीही गाळू नयेत, प्रत्येक नोंदीला तिच्या वरची तारीख जोडावी. तारीख न सापडल्यास ती जागा रिकामी ठेवावी, आजची भरू नये. त्या दिवसाची नोंद नसेल तर तसं स्पष्ट शब्दांत परत करावं. ‘काहीच मिळालं नाही’ आणि ‘पाहिलं, पण आजची नोंद नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत, हे त्यात उदाहरणासह लिहिलं आहे. उदाहरण दिवाळीच्या पानाचंच आहे.

सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी मी ते पान एजंटापुढे पुन्हा ठेवलं. उत्तर आलं: अकोला, सोयाबीन, आज बाजार बंद, आजचा भाव नाही. खाली वेगळ्या ओळीत शेवटच्या सौद्याची तारीख होती आणि त्या तारखेपुढे ४,३५०.

मुलांनी विचारलं, शेवटचा जुना भाव तरी कशाला दाखवायचा, काढून टाकूया का. मी हो म्हणाले. आता बाजार बंद असतो त्या दिवशी मेसेजमध्ये एकही आकडा जात नाही.